माझ्यावर आखलेले सात गट

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. सागवानी, चार जाड पायांचे. हल्लीच्या घरांत मला आत न्यायचे तर आधी दार निखळवावे लागते. माझे लाकूड म्हैसूरजवळच्या एच. डी. कोट्याकडच्या रानातले. म्हैसूरच्या एका सुताराने मला अप्पारावांसाठी घडवले. पण त्यांनी मला ना जेवायला वापरले, ना लिहायला. अप्पाराव रंगारी होते. माझ्यावर जाड कांबळे अंथरून, वर कापड ताणून ते लाकडी ठशांनी लुगड्यांचे काठ छापत. समोरच्या बाजूला त्यांची पत्नी अंबाबाई उभी असे. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीने ठोकायचा. दिवसभर तोच ठकठक आवाज. गिऱ्हाइकाशी कानडी, एकमेकांशी मराठी आणि राग आला की दोन्ही, अशी त्या घराची भाषा होती. ते दिवस आठवले की अजून माझ्या लाकडात कंप उठतो.

तेव्हा अशी रंगारी घराणी एकाच पेठेत राहत. त्यांनी मिळून ‘रंगारी समाज’ नावाची संस्था काढली. एक सभागृह बांधले आणि त्याच्या माडीवर बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह सुरू केले. कारभार पाहायला सात जणांची समिती असावी, ती सात गटांतून निवडावी, असे ठरले. गट पाडणे सोपे होते. एक गल्ली म्हणजे एक गट. गल्लीत जे मोठे घराणे, त्याचा माणूस समितीवर जाई. त्याच्याविरुद्ध उभे कोण राहणार? निवडणूक बिनविरोध होई आणि त्या शब्दाचा सगळ्यांना फार अभिमान वाटे.

पुढे गिरणीचे छापील कापड स्वस्त झाले आणि आमचे ठसे थांबले. अप्पारावांचा मुलगा चिदंबर नकाशे काढण्याच्या नोकरीला लागला. त्याने म्हैसूरच्याच सरस्वतीपुरम भागात घर बांधले आणि मला सोबत नेले. त्याच्याकडे मी नवा जन्म घेतला. माझ्यावर मोठमोठे कागद पसरत, टोकदार पेन्सिली फिरत. “असं सपाट लाकूड आता मिळायचं नाही,” असे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगे. सभासदाने घर बदलले तरी त्याचे नाव जुन्या गल्लीच्याच गटात राही; म्हणून वडिलांमागे समितीतली जागाही त्याच्याकडे आली. अर्थात, बिनविरोध.

मग नकाशे संगणकावर निघू लागले. चिदंबरराव निवृत्त झाले. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे, औषधांच्या बाटल्या आणि इस्त्रीचे कपडे साचू लागले. त्यांची पत्नी तुंगाबाई उन्हाळ्यात माझ्यावर सांडगे वाळवत. मी कुणाचीच तक्रार केली नाही; पण पेन्सिलीची आठवण मला फार येई.

एका सकाळी समाजाचे अध्यक्ष संकर्षण घरी आले. चिदंबररावांचे ते बालमित्र. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरची वर्तमानपत्रे बाजूला सारून तुंगाबाईंनी दिलेला कॉफीचा लोटा ठेवला.

“चिदू, सभेत लोक ओरडतात. गट नव्याने पाडा म्हणतात. निम्मे सभासद आता विजयनगरच्या नव्या वस्तीत राहायला गेलेत ना.”

“खरंच आहे ते.”

“असू दे. तू पाड. पण सुम्ने उगाच डोकं शिणवू नकोस. विजयनगरचे तुकडे कर आणि आपल्या जुन्या गटांना एकेक चिकटव. अष्टे, एवढंच. तुझा गट तुझा राहील, माझा माझा.”

“आणि वसतिगृह बंद करून तिथे लग्नाच्या पंगती बसवायचा तुझा बेत, त्याचं काय?” चिदंबररावांनी विचारले.

“समितीत आपलीच माणसं असली की ते होऊन जाईल,” संकर्षणराव म्हणाले आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात विजयनगरहून विद्याश्री आल्या. त्या कॉलेजात शिकवत. लहानपणी एच. डी. कोट्याहून शिकायला आल्या तेव्हा त्या समाजाच्या वसतिगृहातच राहिल्या होत्या.

“काका, मी सभासद होऊन किती वर्षं झाली. मत एकदाही दिलं नाही. एकच नाव असतं, देणार कुणाला?”

“मग तू उभी राहा की.”

“कुठं राहू? गटात एकाच घराण्याची सगळी घरं आणि यादीच्या टोकाला बाहेरगावचे आम्ही दोन-चार. निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून कुणी उभं राहत नाही, आणि कुणी उभं राहत नाही म्हणून आम्हाला कुणी काही विचारत नाही. वसतिगृह बंद झालं तर कोट्याच्या मुली कुठं जातील, हे समितीतल्या एकानं तरी विचारलं का हो?”

त्या गेल्यावर चिदंबररावांनी माझ्यावरची सारी अडगळ उतरवली, ओल्या फडक्याने मला पुसले आणि शहराचा नकाशा पसरला. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. कितीतरी वर्षांनी माझ्यावर पेन्सील टेकली होती.

त्यांनी प्रत्येक सभासदाच्या घरी एक ठिपका दिला. मग रेषा आखायला लागले. गटांत माणसे सारखी हवीत. एका वस्तीचे उगाच तुकडे नकोत. आणि कुठल्याही गटात एकट्या घराण्याच्या जोरावर कुणी निवडून येऊ नये. उभ्या राहणाऱ्या दोघांनाही जिंकायची आशा आणि हरायची भीती असावी. ते आखत, पुसत, पुन्हा आखत. खोडरबराचा भुगा माझ्यावर साचत गेला.

तुंगाबाई कॉफी घेऊन आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

“आपलं घर कुठं आलं?”

चिदंबररावांनी बोट ठेवले.

“अय्यो, ह्यात तर विजयनगरची किती घरं! तुम्ही पडाल की ओ.”

“पडेनही.”

“रेघ दुसरीकडून नेता येत नाही का?”

“येते. आपल्या रस्त्याच्या कडेनं वळवली तर गट माझाच. पण सगळ्यांच्या दाराशी सरळ गेलेली रेघ माझ्याच दाराशी का वाकली, असं कुणी विचारलं तर काय सांगू?”

तुंगाबाईंनी लोटा त्यांच्याकडे सरकवला. “कॉफी निवतेय,” एवढेच म्हणाल्या.

सभेने तो नकाशा मान्य केला. दुसऱ्या दिवशी संकर्षणराव तणतणत आले आणि त्यांनी माझ्यावर मूठ आपटली.

“बाप-आज्यांपासून आपल्यात कधी मतदान झालं नाही! तू समाजात भांडण लावलंस!”

“संकर्षणा, भांडण होतंच रे. ते घराघरांत होतं. आपल्या कानावर येत नव्हतं, इतकंच.”

संकर्षणराव कॉफी न घेता गेले. तसे आजवर कधी झाले नव्हते.

आणि मग गंमत झाली. सातही गटांत चुरस लागली. चिदंबररावांच्या गटात विद्याश्रीच उभ्या राहिल्या. अर्ज भरण्याआधी त्या घरी येऊन अवघडून दाराशी थांबल्या. “काका, तुमच्याविरुद्ध...”

“अगं, म्हणून तर रेघ ओढली. आत ये.”

चिदंबरराव त्या वयात पहिल्यांदाच मते मागायला दारोदार हिंडले. संध्याकाळी येऊन माझ्यापाशी बसत आणि गुडघे चोळत तुंगाबाईंना सांगत, “आपल्या बरोबरीच्या वामनाला आता दिसत नाही, ठाऊक आहे तुला? मागच्या रस्त्यावर राहतो. इतकी वर्षं मी त्याच्या वतीनं समितीत बसलो आणि मला हे माहीत नाही.” कुणाचे दुखणे, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाची कन्नडमधून शिकलेली नात, तिला मराठी वाचता येत नाही याची खंत. ते रोज नवे काही घेऊन येत.

मतदानाच्या दिवशी मला टेम्पोत घालून सभागृहात नेले. मते मोजायला एवढे मोठे मेज दुसरे नव्हते. काय गर्दी ती! इंदिराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वसतिगृहात राहणाऱ्या नातीचा हात धरून आल्या. तरुणपणी त्यांनी अंबाबाईंच्या हाताखाली छपाई केली होती. जन्मातले पहिले मत त्यांनी समाजाच्या पेटीत टाकले आणि जाताना माझ्या कडेवरून हात फिरवला. “हे अंबक्काचं मेज नव्हे? बरं ठेवलंय की याचं लाकूड.” मित्रांनो, मला रडता येत नाही, म्हणून बरे.

पेट्या माझ्यावर उपड्या झाल्या. विद्याश्री थोड्या मतांनी निवडून आल्या. संकर्षणरावही निवडून आले, पण घाम पुसत पुसत. विद्याश्री वसतिगृहाचा विषय काढणार तोच ते म्हणाले, “बोलू नकोस. वसतिगृह राहणार. इंदिराबाईंनी मला उंबऱ्यातच धरलं होतं. आमच्या एका खोलीत जागा नाही, माझी नात कुठं राहील ते सांग, मग मत माग, म्हणाल्या. अशा किती घरांत शब्द देऊन आलोय मी!” सभागृहात हसू उसळले. हसत हसतच ते चिदंबररावांजवळ आले आणि म्हणाले, “चल, कॉफी पाज आता.”

घरी परतल्यावर तुंगाबाईंनी विचारले, “वाईट वाटतंय?”

“वाटतंय की. अप्पांची जागा होती ती.” चिदंबरराव माझ्या कडेला हात टेकून उभे होते. मग हळूच म्हणाले, “पण तुंगा, मतं मोजत होते ना, तेव्हा छातीत धडधडत होतं माझ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

आता त्यांना बारीक रेषा दिसत नाहीत. त्यांनी मला वसतिगृहाला देऊन टाकले. मुली माझ्यावर अभ्यास करतात, डबे उघडतात, माझ्यावर डोके ठेवून झोपतात. मित्रांनो, लाकडाला अधूनमधून तेल लावले नाही तर ते तडकते. गटांच्या रेषांचेही तसेच आहे. माणसे घरे बदलतात, गावे वाढतात, म्हणून त्या रेषाही वेळोवेळी नव्याने आखाव्या लागतात. कुणी त्या आखत असेल तेव्हा जवळ जाऊन बघा. त्याचे स्वतःचे घर कुठे आले आहे, तेही विचारा.

परवा चिदंबरराव काठी टेकत मला पाहायला आले होते. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. कोट्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीने त्यांना पाणी दिले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही समितीचे का?”

“नाही गं,” ते म्हणाले, आणि किती ताठ बसून म्हणाले! “मी मतदार.”