पडद्यावरच्या घोड्याचे पाय

मित्रांनो, मी करवंटी. तेल पिऊन काळी पडलेली, नारळाच्या डोळ्यांच्या बाजूची अर्धी, जुनी करवंटी. हसलात ना? हसा, हसा. हसल्याशिवाय माझी गोष्ट कुणी ऐकतच नाही. पण साठच्या दशकात बंगळुरात तुमच्या आजोबांनी एखादा पाळेगारांचा सिनेमा पाहिला असेल आणि नायक घोडा दौडवत आला तेव्हा शिट्टी मारली असेल, तर त्या शिट्टीतला अर्धा वाटा माझा आहे. तो मी सोडणार नाही.

तुम्हाला वाटतं, सिनेमातल्या टापा घोडा वाजवतो. छे! आमच्याकडे पाऊस पडायचा तो सुपात वाटाणे फिरवून. वीज कडाडायची ती पत्रा हलवून. जंगल पेटायचं ते माइकपाशी कागद चुरगाळून. आणि घोडा म्हणजे दोन करवंट्या, मातीने भरलेली एक लाकडी पेटी आणि आमचा विठोजी.

विठोजी चामराजपेटेत राहायचा. जवळच एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये भगवंतरावांची आवाज भरायची खोली होती. भिंतीवर मुकं चित्र दिसायचं आणि विठोजी त्याकडे बघत मांडी घालून आम्हाला वाजवायचा. आम्हाला त्याने सिटी मार्केटातून आणलं होतं. एकेक नारळ कानाशी धरून टिचक्या मारताना बघून दुकानदार म्हणाला होता, "अण्णा, नारळ घेताय की मुलगी पसंत करताय?" घरी आणून त्याने नारळ फोडला नाही, करवतीने मधोमध कापला. त्याची बायको राजलक्ष्मी ओरडली, "अगबाई! नारळ कुणी कापतं का? देव काय म्हणेल!" अशी मी आणि माझी जोडीदारीण एकाच नारळातून दोन झालो, आणि रोज एरंडेल लावून घेत एकमेकींच्या शेजारी नांदलो.

पडद्यावरच्या घोड्याची गंमत सांगते. तो राजाचा पांढराशुभ्र घोडा खरं तर जटक्याचा होता, म्हणजे तुमच्या टांग्याचा. आनेकलच्या माळावर त्याला चित्रीकरणाला नेलं. नायकाने तलवार उंचावून "चला!" म्हटलं की हा पठ्ठ्या जागच्या जागी उभा! त्याला काय ठाऊक तलवार? कुणी हात वर केला की गिऱ्हाईक आलं, थांबायचं, एवढंच बिचाऱ्याला शिकवलेलं. शेवटी नायकाने तलवार खाली धरूनच लढाई जिंकली. विठोजीने ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा राजलक्ष्मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आप्पा मात्र हसले नाहीत.

आप्पा म्हणजे विठोजीचे वडील, व्यंकोजी. त्यांची नजर जवळजवळ गेली होती, पण ताठा शाबूत होता. शहाजीराजे बंगळुरात राहत होते, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? राहत होते. आणि त्यांच्या फौजेबरोबर आपलं घराणं घोड्यावर बसून या मुलखात आलं, असं आप्पा येईल त्याला सांगायचे. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "सिनेमाच्या हापिसात आहे." पुढचं गिळून टाकायचे. दसऱ्याला विठोजीने आपली हत्यारं म्हणून आम्हाला पूजेत मांडलं, तर आप्पांनी हाताने चाचपून बाजूला सारलं. "घोड्यावर बसणाऱ्यांच्या घरात करवंट्या पुजायच्या?" म्हणाले. विठोजीने आम्हाला उचललं. मला इतकं लागलं म्हणून सांगू!

विठोजीला पोटाची काळजी होतीच. भगवंतरावांनी बजावलं होतं, "विठोजी, मद्रासहून टापांची तयार फीत मिळते बघ. दिवाळीनंतर शेवटची दौड भरायची. ती जमली नाही, तर मी फीत आणणार." पण त्याच्या मनाला खरी टोचणी वेगळीच होती. आप्पांनी एकदा, फक्त एकदा येऊन त्याचा घोडा ऐकावा, एवढंच त्याला हवं होतं. तीनदा विचारून झालं. "दिसत नाही मला, मी काय येऊ?" हे ठरलेलं उत्तर.

मग दिवाळी आली. बंगळुरात नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी न्हाणीतला हंडा घासूनपुसून, फुलं बांधून पाण्याने भरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याखाली जाळ करायचा, आणि त्यासाठी घरोघरी महिनोन् महिने करवंट्या साठवलेल्या असतात. आमच्या घरी जाळाचं काम आप्पांचं. दिसत नसलं तरी तेवढं ते कुणाला करू देत नसत. विठोजीने आम्हा दोघींना एरंडेल चोळून न्हाणीतल्या उबदार कोनाड्यात वाळत ठेवलं होतं, आणि खाली पोतं होतं जळणाच्या करवंट्यांचं. आप्पांचा हात पोत्याकडे निघाला आणि चुकून वर आला. माझ्या अंगावरून गेला आणि माझ्या जोडीदारणीवर थांबला.

तेलात मुरलेली ती, भसकन पेटली. आवाज ऐकून विठोजी धावत आला. तोवर तिचा निखारा झाला होता.

"काय झालं रे?" आप्पांनी विचारलं. "इतका जाळ कसा झाला?"

विठोजीने मला कोनाड्यातून काढून छातीशी धरलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "काही नाही आप्पा. माझ्या घोड्याचा एक पाय गेला. असू दे. तुम्ही आंघोळ करून घ्या, पाणी निवेल."

आप्पा आंघोळीला उठलेच नाहीत. हंड्यापुढेच बसून राहिले. राजलक्ष्मीने फराळाला हाक मारली तेव्हा म्हणाले, "ते पोतं इकडे ओत." आणि विठोजीकडून मला मागून घेऊन एकेक करवंटी माझ्यावर वाजवून बघायला लागले. सगळ्या दगडावर फोडलेल्या, वेड्यावाकड्या काठांच्या. एकही जमेना.

"विठू," शेवटी ते म्हणाले, "मला मार्केटात ने."

"आज? सणाच्या दिवशी? आप्पा, तुम्हाला दिसत..."

"नारळ काय डोळ्यांनी ऐकतात?"

सणाच्या गर्दीत त्यांनी त्या दुकानदाराचा जीव खाल्ला. "स्वल्प, जरा थांबा," म्हणत म्हणत तो बिचारा घामाघूम झाला. अखेर एक नारळ आप्पांनी कानाशी धरला आणि दोनदा वाजवला. "सरी, ठीक. हाच," म्हणाले. परत येताना वाटेत ते एकदम थांबले.

"तुला एक सांगायचं राहिलंय. मी कधी घोड्यावर बसलो नाही रे. म्हैसूरच्या पागेत मोतद्दार होतो. दुसऱ्यांच्या घोड्यांना पाणी दाखवायचं, लीद काढायची. तू करवंट्या वाजवतोस म्हटलं की मला माझीच लाज आठवायची. राग तुझ्यावर काढला."

विठोजीने वडिलांचा हात घट्ट धरला आणि रस्ता ओलांडला. जोडी जुळवायला नेलेली मी पिशवीत होते. मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी भरून वाहिले असते.

दौड भरायच्या दिवशी आप्पा स्वतःहून शेडमध्ये आले. भगवंतरावांनी खुर्ची दिली, ती नाकारून ते मातीच्या पेटीशेजारी जमिनीवर बसले. माझी नवी जोडीदारीण जरा फटकळ आवाजाची होती. माझं तिच्याशी अजून जमायचं होतं. पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. भगवंतराव फितीचा विषय काढणार एवढ्यात आप्पांनी विचारलं, "विठू, तुझा घोडा आत्ता कुठे आहे?"

"टेकडी चढतोय, आप्पा."

"मग सपाटीवर पळवतोस कशाला? दमू दे त्याला. वर पोचला की थांबेल, फुरफुरेल, आणि मग उतारावर पाय जपून टाकेल. मी रोज ऐकलंय ते."

विठोजीने डोळे मिटले. पुढच्या वेळी आम्ही दोघी अशा काही चाललो, की भिंतीवरचा घोडा खरोखर दमलेला वाटला. भगवंतरावांनी नुसता विठोजीच्या पाठीवर हात ठेवला. फितीचं नाव पुन्हा निघालं नाही.

सिनेमा लागला त्या आठवड्यात आप्पा थिएटरात गेले. निघताना विठोजीला म्हणाले, "करवंटीलाही घे. तिने तरी कुठे पाहिलाय?" म्हणून मी त्याच्या खिशात होते. टेकडी आली. घोडा चढला, दमला, थांबला, उतरला. लोकांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पडद्याकडे न बघता आप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाचं मनगट धरलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये म्हणाले, "स्वामी, तो घोडा माझ्या मुलाचा!"

"तुमच्याकडे घोडे आहेत?" त्याने विचारलं.

"घोडे नाहीत हो. करवंट्या आहेत. माझा मुलगा करवंट्या वाजवतो."

मित्रांनो, मोठ्यांचं ऐका असं सगळेच सांगतात. मी तुम्हाला उलटं सांगते, मोठ्यांनीही ऐकावं, कारण तुम्हीही मोठे व्हाल. आपल्या माणसाचं काम चारचौघांत सांगताना जीभ अडखळली, तर एकदा त्याच्या कामाच्या जागी जाऊन जमिनीवर बसा, आणि ऐका. व्यंकोजी पुढे महिनाभर रोज त्या थिएटरात जात. तिकीट फाडणारा म्हणे, "आजोबा, दिसत तर नाही तुम्हाला, येता कशाला?" आणि आप्पा म्हणत, "मुलगा येतोय ना टेकडी चढून, त्याची वाट बघायला."