नको असलेल्या खोल्या

नगरपालिकेच्या नियोजन विभागात तिला सगळे 'पट्टी' म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने कचेरीतल्या खुर्च्यांची उंची मोजली होती आणि "म्हातारं माणूस यावर बसलं तर उठणार कसं?" असं मुख्य अभियंत्यांना तोंडावर विचारलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

इस्पितळामागच्या जुन्या गोदामाच्या जागेवर वृद्धांसाठी स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधायचं काम तिच्याकडे आलं आणि ती झपाटल्यासारखी त्याच्या मागे लागली. न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळते का ते बघायला तिने कचेरीच्या फरशीवर खडूने भिंती आखल्या आणि इस्पितळातून मागून आणलेल्या खुर्चीत बसून स्वतःच गिरक्या घेतल्या. थरथरत्या बोटांना उघडेल अशी कडी मिळावी म्हणून जाड हातमोजे घालून बाजारातली दुकानं पालथी घातली. भाडं असं ठरवलं, की पेन्शनीतून औषधपाणी झाल्यावरही ते देता यावं.

"पट्टे, सासरचं घरसुद्धा तू इतकं पारखून घेणार नाहीस," नकाशे काढणारे काका म्हणायचे.

"सासरचे मोजू देतील तर ना, काका!"

पण खोल्या किती लोकांना हव्यात हे कळल्याशिवाय बांधकाम मंजूर होणार नव्हतं. आजवर अशा चौकशीसाठी लोकांना कचेरीत बोलावत. पट्टीने ती पद्धत मोडीत काढली. गुडघे धरून जिने चढायला लावायचे आणि वर "जिना झेपतो का?" म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय? आपणच त्यांच्या घरी जायचं. मग तिने गल्ल्यांमागून गल्ल्या तुडवल्या. प्रत्येक घरात तिला बसायला खुर्ची मिळाली, प्यायला पाणी मिळालं आणि उत्तर मिळालं, "छे गं बाई, मला इथं काय कमी आहे?"

त्या फेरीत आत्याचंही घर आलं. आई गेल्यावर पट्टीला आत्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. आता ती मुलाकडे असायची, पत्रे ठोकून बंद केलेल्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या सोबतीने. आत्याची सून, म्हणजे पट्टीची वहिनी, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पट्टीने बाकीच्यांना विचारला तसाच प्रश्न विचारला.

"मला कुठं जायचंय पोरी? माझं सगळं इथंच," आत्या हसून म्हणाली.

पट्टीच्या मनात पाल चुकचुकली. पण नात्यातलं माणूस आहे म्हणून उत्तर बदलायचं नाही, ही तिची शिस्त. तिने 'नको' लिहिलं.

अहवाल वाचून अभियंते साहेब खूश झाले. "लोकांनाच नको म्हटल्यावर प्रश्न मिटला. नगराध्यक्षांना त्या जागेवर वाहनतळ हवाच आहे. येत्या सभेत उरकून टाकू."

सभेच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आत्या भेटली. रक्तदाब तपासायला एकटीच आली होती. इकडे तिकडे बघून तिने पट्टीचा हात धरला.

"माझी खोली कुठल्या अंगाला काढलीस गं? सकाळचं ऊन येईल ना?"

"आत्या, तू तर नको म्हणालीस!"

"मग काय म्हणू? ती दारात उभी होती. तू गेल्यावर मला तिच्याच हातचं खायचंय ना?" आत्याने हात सोडला. "तुला कळलं असेल असं वाटलं. अगं, तू शेंबडी होतीस तेव्हा तुझं पोट दुखतंय हे मला तू न सांगता कळायचं."

इतक्या घरांतून एकच उत्तर यावं आणि आलेला संशयही तिने झटकून टाकावा! काटा अडकलेल्या वजनकाट्यावर काहीही ठेवा, तो जागचा हलत नाही. आणि ती तो आकडा खरा धरून अहवाल लिहून मोकळी झाली होती. म्हाताऱ्यांना जिना चढावा लागू नये म्हणून ती घरी गेली आणि ज्यांच्या धाकात ते जगतात त्यांच्यासमोरच त्यांना बोलतं करू पाहिलं.

"मी सगळं परत विचारते. इथं, दवाखान्यात, एकेकाला," ती म्हणाली.

"विचार. पण माझं नाव कुठं घेऊ नकोस. खोली मिळेपर्यंत मला त्याच घरात दिवस काढायचेत."

दुसऱ्या दिवशी सभेत पट्टी न विचारता उभी राहिली. साहेबांनी डोळे वटारले, पण तिने पुन्हा चौकशीसाठी मुदत मागितली.

"म्हणजे तुमची मोजणी चुकली म्हणता?" अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं.

"मोजणी बरोबर आहे. विचारायची जागा चुकली. घरच्यांसमोर कोणी खरं बोललं नाही."

"अहो, ही तर आमच्या घराघरांवर चिखलफेक झाली!" मागून एक सदस्य ओरडला. "आम्ही काय आईबापांना उपाशी मारतो?"

"असं एक तरी घर दाखवा," अध्यक्ष म्हणाले. "एक दाखवा, मुदत देतो. नाहीतर या हवेतल्या गप्पा झाल्या."

पट्टीने अहवालाची पानं पुढेमागे उलटली. सभागृहात खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "पट्टी तुटली वाटतं!" समोर ठराव मताला टाकायची तयारी सुरू झाली. एका नावाने इतक्या जणांना छप्पर मिळत असेल तर? आत्या समजून घेईल. तिने नाही तर कोणी?

"माझी आत्या," तिच्या तोंडून निघून गेलं.

छोटं शहर. कोणाची आत्या आणि कोणाची आई, हे सांगावं लागलं नाही. बाजारातल्या आत्येभावाच्या टायरच्या दुकानात अर्ध्या सभागृहाची ऊठबस होती. अध्यक्षांनी तिथल्या तिथे आत्याच्या घरी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वहिनीने उचलला.

"नका!" पट्टी पुढे झाली. "असं नका विचारू. हीच तर चूक मी केली."

"तुम्ही विचारलंत ती चौकशी आणि आम्ही विचारलं तर चूक?" अध्यक्ष हसले. "सूनबाई, जरा सासूबाईंना द्या. हां, आजी, तुमची भाची भर सभेत म्हणतेय, तुम्हाला घरात त्रास आहे. खरं का?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. एकीचा नव्हे, दोघींचा.

"माझी सून लाखात एक आहे," आत्या म्हणाली. "पोरगी लहान आहे अजून. तिचं मनावर घेऊ नका."

वाहनतळाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

संध्याकाळी पट्टी आत्याकडे गेली. रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं. आत्याची खाट गॅलरीतून उचलून बाहेरच्या खोलीत मधोमध मांडली होती, टीव्हीसमोर. त्यावर कोरी चादर. आत्या विंचरून, नवे कपडे घालून ताठ बसली होती. दुकान बंद झाल्यावर भावाला घरी गाठायला आलेली दोन गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत आली. भाऊ पट्टीकडे न बघताच त्यांना टायरचे भाव सांगू लागला.

"या, बाईसाहेब, या!" वहिनी म्हणाली. "बघून घ्या नीट. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, कसं ठेवलंय आम्ही यांना. आजपासून रात्रंदिवस इथंच."

पट्टी खाटेजवळ गुडघ्यावर बसली. टीव्हीच्या गोंगाटात आत्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "आत्या, माझं चुकलं. चल, माझ्याकडे चल."

वहिनी जागची हलली नाही. गिऱ्हाइकंही बोलायची थांबून बघू लागली. आत्याने एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी मजेत आहे गं. आता तू येत जाऊ नकोस. तुला लांब पडतं."

पट्टीची खोली तिथून दोन गल्ल्यांवर होती.