ज्योतीरामचं मशीन हळू का चालतं?

निरंजन साहेबांचा चाकणला छोटा कारखाना आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, तयार होतात. कामगार चाळीस, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना रोजच्या डझनभर! कामगार तिथे सुविचार नि वाढदिवसाचे केक टाकायचे, म्हणून साहेबांनी अशी सोय केली की ग्रुपवर फक्त त्यांनाच लिहिता यावं. ग्रुप कसा शांत झाला! आमच्याकडे कुणाची तक्रारच नसते, असं ते पिंपळे सौदागरच्या आपल्या सोसायटीत अभिमानाने सांगत.

त्या सोमवारी मात्र त्यांचा पारा चढला होता. बारा वर्षं काम करणाऱ्या ज्योतीरामचं उत्पादन महिनाभरात निम्म्यावर आलं होतं. त्याला कामावरून काढायचं पत्र तयार होतं. सही करण्याआधी त्यांनी तपासणी विभागाच्या प्रभावतीताईंना बोलावलं.

“ताई, ज्योतीराम अंगचोर झालाय. तुमचं काय मत?”

“माझं राहू द्या. तुम्ही त्याला विचारलंत का?”

“तीनदा ग्रुपवर विचारलं! एका शब्दाने उत्तर नाही.”

प्रभावतीताईंना हसावं की रडावं कळेना. “साहेब, त्या ग्रुपवर आम्हाला लिहिताच येत नाही! तुम्ही बाहेरून कडी लावलीत आणि माणूस बाहेर येत नाही म्हणून रागावताय. खाली जाऊन यायला पाच मिनिटं लागतील. बारा वर्षांच्या माणसासाठी तेवढीही नाहीत?”

निरंजन उठले आणि खाली ज्योतीरामच्या मशीनपाशी गेले.

साहेबांना बघताच ज्योतीरामचा चेहरा उतरला. त्याने प्रेस बंद केला.

“ज्योतीराम, काम इतकं हळू का?”

“साहेब, ह्या प्रेसला दोन बटणं हैत. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हंजी हात आत राहत नाही. पण डावं बटण दाबलेलंच अडकून बसतंय. उजव्याला नुसता धक्का लागला तरी प्रेस खाली! म्हणून दर वेळी मशीन बंद करून पत्रा बदलतो.”

“मग सांगितलं का नाही?”

“आलो होतो की वर. तुम्ही फोनवर होता. ‘ग्रुपवर टाक’ म्हणालात.”

निरंजनना आठवलं. मान वर न करताच त्यांनी त्याला परत पाठवलं होतं.

“आणि भरभर काम केलं असतं तर?”

ज्योतीरामने दोन्ही हात पुढे केले. “तर ह्यातला एक राहिला नसता. घरी दोन लेकी हैत, साहेब.”

अरेरे, केवढा अन्याय होणार होता! निरंजनना मनापासून लाज वाटली. “चूक माझी आहे, ज्योतीराम,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. दुपारपर्यंत बटण बदललं, पत्र फाडलं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना साहेब दहा मिनिटं कामगारांमध्ये येऊन विचारू लागले, “काही अडचण?” दोन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. ते तरीही पूर्ण दहा मिनिटं थांबले. तिसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या अंबुबाई म्हणाल्या, “साहेब, माझं जरा ऐकता का?” मग एकेक जण बोलू लागला, आणि साहेबांना दहा मिनिटं पुरेनात!

मंडळी, माणसं गप्प आहेत म्हणजे सुखात आहेत, असं धरून चालू नका. हाताखालच्या माणसाला जवळ जाऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.