एक डबा असे वाचावे

मंगळवारी मी शुद्धिपत्रक क्रमांक सहा मोठ्याने वाचलं आणि सकाळच्या पॅसेंजरचे चार डबे गेले. आतली माणसं राहिली. रुळांमधल्या खडीवर ती होती तशी ओळीने बसली होती. एकजण खिडकी नसतानाही बाहेर बघत होता.

मी लोहमार्ग महामंडळाच्या निविदा कक्षात कारकून आहे. 'सातऐवजी तीन असे वाचावे' असं छापून येतं, मी वाचतो, मग तसं होतं. माझ्या डोक्यावर 'वाचाल तर वाचाल' अशी पाटी आहे, ती कुणी लावली माहीत नाही. पॅसेंजर चालवायचं कंत्राट तीन वर्षं कुणी घेत नाही. निविदा भरणारे एकटे बाबरशेठ. ते समोर बसून म्हणतात, "परवडत नाही हो," की नवं शुद्धिपत्रक निघतं.

त्या मंगळवारी आमचे कक्षप्रमुख कानविंदेसाहेब यांचा जेवणाचा डबाही गेला. भेंडीची भाजी तेवढी पिशवीत राहिली.

"साहेब, डबा म्हणजे कुठला, ते लिहायला हवं," मी म्हणालो.

"व्याख्या पान बारावर आहे."

"पान बारा गहाळ आहे."

"मग दुरुस्ती काढावी लागेल. महिना जाईल. तोवर गाडी बंद."

गाडी बंद म्हणजे माझी बहीण शालन घरी. ती कोंढारीला राहते, शेवटच्या स्टेशनावर. सोमवारी आणि गुरुवारी पॅसेंजरने डायलिसिसला येते, येताना माझ्यासाठी डबा आणते. एक वार चुकला तर तिचे पाय सुजतात. महिना चुकला तर काय, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. मला फार भीती वाटली. म्हणून बुधवारी 'तीनऐवजी एक डबा असे वाचावे' आलं, ते मी मुकाट्याने वाचलं.

गुरुवारी मी फलाटावर जाऊन थांबलो. दहा चाळीसची गाडी वेळेवर आली. रुळावर एकच डबा होता. स्टीलचा, कडीचा, शालनचा. मी तो दोन्ही हातांनी उचलला. गरम होता.

आतून टकटक झाली. "दादा, आलं का रं ठेसन?"

"आलं गं," म्हणत मी कडी काढायला लागलो.

मागून आलेल्या कानविंदेसाहेबांनी माझा हात धरला. "निविदेतला डबा आहे. समितीसमोरच उघडायचा." त्यांनी कडीवर लाख ओतली, शिक्का मारला आणि डबा कक्षात आणवून टेबलावर ठेवला.

"समिती कधी बसणार?"

"उद्या अकराला."

शालन म्हणाली, पाय अवघडलेत. मी म्हटलं, जरा सरकून बस. जागा नाही म्हणाली, सगळी गाडी इथंच बसलीय.

समोर बसलेल्या बाबरशेठनी घड्याळ बघितलं. "उद्या नाही हो परवडत."

साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. 'उद्याऐवजी' एवढंच छापलेलं होतं, पुढची जागा कोरी, आणि शेवटी नेहमीचं 'असे वाचावे'. छापलेलं नाही ते मला वाचता येत नाही.

"वाचा," साहेब म्हणाले.

"दादा," आतून शालन म्हणाली, "वाचंन ना रं मी?"

डबा गार व्हायला लागला होता. मी तो शर्टाच्या आत घेतला आणि पोटाशी धरला.