चार बोटं खाली

मोहगावच्या संत्राबागांत गुणवंताचा शब्द चाले. आंबिया बहाराची फळं उतरली, की झाडावरचा सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला बागवाले त्यालाच बोलावत. शिडीची उंच घोडी लावून तो शेंड्यापर्यंत चढे आणि वाळकं जिथं संपतं त्याच्या चार बोटं खाली, जिवंत लाकडात आरी लावे. कोणी बागवाला हळहळला, की वरूनच खेकसे, "हिरव्यात काप घेतल्याबिगर रोग थांबत नाही, पाटील! हिरव्याचा लोभ करान तं अख्खं झाड घालवान." खाली फांद्या गोळा करणाऱ्या त्याच्या बायकोला, उर्मिलाला, हे वाक्य तोंडपाठ होतं.

चौऱ्याऐंशी साली तो घोडीवरून पडला. सौंसरच्या दवाखान्यात बरगडीचा फोटो काढला. बरगडी धड निघाली, पण उजव्या फुप्फुसात बोराएवढा डाग दिसला. नागपूरला नेऊन सुईनं तपासलं, तर कॅन्सर.

तिथला सर्जन भला माणूस. दोघांना समोर बसवून त्यानं कागदावर फुप्फुस काढून दाखवलं. "उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात. गाठ वरच्या भागात आहे, लहान आहे, कुठं पसरलेली दिसत नाही. नशीब समजा. तो अख्खा भाग मला काढू द्या. नुसती गाठ अन् भोवतालचा तुकडाही काढता येतो, पण मग ती परत यायची भीती जास्त."

"भाग काढला तं घोडीवर चढता येईन का, साहेब?" गुणवंतानं विचारलं.

"दम थोडा कमी होईल. बहुतेक चढाल. पण लिहून देत नाही."

बहुतेक! त्या एका शब्दानं घात केला. गुणवंता म्हणाला, "मंग तुकडाच काढा. चांगलं फुप्फुस काहून फेकाचं?"

जगाला शिकवणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार तो हा असा. उर्मिलाच्या ओठांपर्यंत आलं होतं, चार बोटं खाली म्हणून. पण खाटेवर धापा टाकत बसलेला नवरा तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिची जीभच उचलेना. डॉक्टरनं मुद्दाम विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"ते म्हणतात तसं," ती म्हणाली आणि तिनं कागदावर सही केली.

पुढचे दोन हंगाम मोठ्या मजेत गेले, खोटं कशाला बोला. गुणवंता पहिल्यासारखा सरसर घोडी चढे. "पाह्य, डॉक्टर अख्खा भाग मांगत होता!" म्हणून वरून हसे. उर्मिलाही हसे. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर खोकला लागला, थुंकीत रक्त आलं. त्याच सर्जननं नवा फोटो उजेडासमोर धरला. डाग आता दोन्ही बाजूंना होते. "आता कापून उपयोग नाही. घरी न्या. खातील ते खाऊ घाला."

माघात केशवरावांच्या बागेत सल काढायला मनोहर आला. गुणवंताच्याच हाताखाली तयार झालेला गडी. गुणवंता हट्टाला पेटला, "मले नेऊन बसव." उर्मिलानं त्याला बैलबंडीतून नेलं आणि बांधावर घोंगडी टाकून बसवलं. मनोहरनं वाळकं संपतं तिथंच आरी टेकवली.

"काय करून राहिला बे! खाली घे! चार बोटं खाली, हिरव्यात..." पुढचं खोकल्यानं खाल्लं. उर्मिलानं तोंड पुसलं तर पदर लाल झाला.

दम बसल्यावर त्यानं झाडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "उर्मिला, तवा तुह्या ध्यानात आलं नोतं?"

नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. मरणाऱ्याला एक खोटं सांगायला काय जातं? पण तिच्यानं होईना.

"आलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी घोडीवर पाह्यजे होते मले," ती रडत म्हणाली. "खाटेवर नाही."

गुणवंता रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"माह्याबी ध्यानात आलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, तू बोलशीन."

वर मनोहरनं आरी चार बोटं खाली घेतली. फांदी खाली पडली. ती उचलायला उर्मिला उठली नाही.