मामाला सर म्हणाली

"ज्याला मामा म्हणावं लागेल अशा माणसाकडे पोरीला शिकायला ठेवू नकोस, मोनिका," सारा मॅडम म्हणाल्या आणि नाताळच्या करंज्यांचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "अनोळखी साहेब बघ. तो ओरडेल, राबवून घेईल, पण शिकवेल. आणि मुदत संपली की सोडेल."

मी करंजी खात हसले. मॅडमनी मला कॉलेजात अकाउंट्स शिकवलं, मला त्यांचा आदर होता. पण वाटलं, या एकट्या राहतात, यांना नात्यागोत्यातलं काय कळणार?

प्रश्न माझ्या नणंदेचा, निकिताचा होता. सासर कर्जतकडचं. निकिताला बारावी सायन्सला चांगले मार्क पडले, तेव्हा आण्णा, म्हणजे माझे सासरे, नर्सिंगचा फॉर्म घेऊनच बसले होते. "लगेच नोकरी लागती. कॉमर्सला काय, नापास झालेली पोरं जात्यात."

ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मला बी.कॉम. करायचंय. आणि सीए व्हायचंय."

"ते काय असतं?"

"कारखान्याचे हिशोब तपासतात ना, ते."

"चेअरमनचे?" आण्णांना ठसका लागला. "अन् तुला कारखान्याच्या दारात तरी उभी करत्याल का?"

सगळे हसले. तरी नगरला कॉलेजात नाव घातलं गेलं, कारण नगरलगतच केडगावात आमचं घर होतं आणि वहिनीच्या नजरेसमोर पोरगी राहणार होती. डिग्री आणि सीएची मधली परीक्षा तिनं आमच्या त्या दोन खोल्यांत काढली. ती मधली परीक्षा, म्हणजे इंटर, जवळ आली तेव्हा माझ्या पोटात समर्थ होता. ती पलंगावर पाय पसरून कॉस्टिंगचे प्रश्न मोठ्यानं वाचायची आणि म्हणायची, "वहिनी, हे बाळ जन्मायच्या आधीच इंटर पास होणार बघा."

मधली परीक्षा झाली की दोन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली काम करावं लागतं. त्याला आर्टिकलशिप म्हणतात. ती संपली की सहा महिने फक्त अभ्यासाचे, आणि मग फायनल. ते सहा महिने म्हणजे सगळं. ज्याला ते मिळतात तो निदान लढतो तरी.

स्टेशन रोडला आप्पासाहेबांचं सीएचं ऑफिस. ते माझ्या सासूबाईंचे मावसभाऊ, दर वर्षी राखी बांधून घेणारे. "आपलं मानूस असताना परक्याच्या दारात कशाला?" आण्णा म्हणाले आणि विषय संपला. पहिल्या दिवशी ते कर्जतहून नारळ घेऊन आले, निकिताला आप्पासाहेबांच्या पाया पडायला लावलं. "आप्पा, पोरगी तुमच्या पदरात घातली."

"नजरेखाली ठेवतो, दाजी. काळजीच सोडा."

शब्दाला जागले. तिचं टेबल त्यांनी आपल्या केबिनच्या काचेसमोर मांडलं.

ऑफिसात आणखी पोरं होती. जॉर्ज होता, कुठल्या कुठल्या गावची दोघं-तिघं होती. ती सगळी पोरं आप्पासाहेबांना सर म्हणायची, निकिता मामा. सकाळी जीप यायची आणि पोरं ऑडिटला जायची. कधी साखर कारखाना, कधी पतसंस्था, कधी शिर्डीची हॉटेलं. निकिता मागे राहायची. फोन घे, आलेल्या पाहुण्यांना चहा दे. मामींचं ब्लाउज शिंप्याकडून आण. नातवाची शाळा सुटली, त्याला घरी सोड. एकदा तिनं विचारलं, मी पण येऊ का ऑडिटला? तर म्हणाले, "शिर्डीच्या हॉटेलात पोरीला न्यायची? उद्या दाजींना मी काय तोंड दाखवू?"

तोंड! दोन वर्षं एका पोरीला शिकू दिलं नाही, त्याचं काय तोंड दाखवणार होते, ते नाही सुचलं.

संध्याकाळी ती घरी येऊन जॉर्जला फोन लावायची. "गोडाऊनमधला माल कसा मोजला रे? पोती मोजली का नुसता रजिस्टरवर टिक मारला? खरं सांग." तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. इतरांनी पाहिलेलं ती ऐकून शिकत होती. समर्थ तिच्या पाठीवर चढून "आतू, आतू" करत असायचा आणि ती एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं लिहायची.

दोन वर्षं संपली. तिच्याच बरोबर लागलेल्या जॉर्जनं सरांशी हात मिळवला, मुदत पूर्ण केल्याच्या कागदावर सही घेतली, कारण तिच्याशिवाय फायनलचा फॉर्म भरता येत नाही, आणि अभ्यासाला पुण्याला गेला. निकिता दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून पुन्हा निघाली.

"कुठं?" मी विचारलं.

"मामा म्हणाले, रिटर्नची गडबड आहे, तेवढी होऊ दे."

ती गडबड संपली. मग टॅक्स ऑडिट आलं. मग मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग दिवाळीत ऑफिसचं लक्ष्मीपूजन, रांगोळीला घरचंच माणूस हवं. सहीचं विचारलं की "सही काय, कधीपण करू. पळून चाललोय का मी?"

मी समर्थला कडेवर घेतलं आणि ऑफिसात गेले. त्याला जरा कणकण होती, सारखं कपाळाला हात लावून बघत होते, पण घरी बसवेना.

"या या, सूनबाई! निकिता, दोन चहा."

केबिनमध्ये दोन व्यापारी बसलेले. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, निकिताची मुदत कधीच संपली. तिला आता सोडा. फायनलचा फॉर्म भरायचाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. व्यापाऱ्यांकडे बघून हसले. "ऐका. आमी काय पोरीला दावं लावून बांधलीय?" तेवढ्यात निकिता ट्रे घेऊन आत आली. "का गं निकी, तुझी वहिनी काय म्हनती? जायचंय का तुला मामाला सोडून?"

 मी तिच्याकडे बघत होते. बोल, बोल ना.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "तसं काय न्हाई."

"बघा!" आप्पासाहेब म्हणाले. "घ्या, चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. एवढंच मला जमलं.

स्कूटरवर ती मागे बसली होती, आमच्या दोघींच्या मध्ये समर्थ.  सक्कर चौकात ती माझ्या कानाशी ओरडली, "चारचौघांत विचारायला लावायचं होतं का वहिनी? मी हो कशी म्हणू? आई राखी बांधते त्यांना!"

"मग कधी म्हणणार? परीक्षा राखीला थांबते का?"

 घरी आल्यावर निकिता पुस्तकं काढून बसली. पान मात्र उलटत नव्हती.

नंतरच्या सोमवारी दुपारी आण्णांचा फोन आला. मी समर्थला भरवत होते.

"सर म्हनली!" आण्णा ओरडत होते. "आप्पाला सर म्हनली पोरगी!"

"काय झालं, आण्णा?"

"लोकांसमोर म्हनली. सर, माझी मुदत संपलीय, माझ्या कागदावर सही करा, उद्यापासून मी येनार न्हाई. मामाला सर! आप्पाच्या डोळ्यात पानी आलं, पानी! हेच शिकवलंस का तिला?"

मी चमचा खाली ठेवला. मला हसूही आलं आणि रडूही. माझी पोर बोलली. ट्रे खाली ठेवून, सरळ उभी राहून बोलली असणार. मला पैजेवर सांगता येईल. आणि या लोकांना काय लागलं, तर सही मागितली ते नाही, सोडून जाते म्हणाली ते नाही. सर म्हणाली ते! दोन वर्षं सर म्हणणाऱ्या पोरांना त्यांनी शिकवलं, सुट्ट्या दिल्या, सह्या दिल्या. मामा म्हणणारीला ट्रे दिला. हे तिला कळलं, तेच त्यांना झोंबलं.

सही झाली नाही. आण्णा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुसऱ्याच दिवशी केडगावला आले. आईंनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. आण्णांनी निकिताची बॅग उचलली. "वहिनीनं डोक्यात हवा भरलीय. थोडे दिवस आप्पाकडंच ऱ्हाऊ दे. त्यांचं मन राखायला पायजे. मग करत्याल सही."

"सुनील, तुम्ही बोला काहीतरी," मी नवऱ्याला म्हणाले.

सुनील दाराशी उभा राहून बहिणीची चप्पल सरळ करत होता. "आण्णांचं ऐक सध्या," म्हणाला. सध्या! या घरात सध्या कधी संपत नाही.

निकितानं समर्थचा पापा घेतला. पुस्तकांकडे पाहिलं. "राहू द्या इथंच," म्हणाली. "येईन मी."

ती पुस्तकं समर्थच्या कपड्यांच्या कप्प्याखाली आहेत. आई आल्या की म्हणतात, रद्दीत घाल, जागा अडते. मी घालणार नाही. समर्थ त्या पुस्तकांना अजून "आतू" म्हणतो.

फोन केला तर ती "व्हय वहिनी, ठीकाय" एवढंच म्हणते. मागे मामींचा आवाज असतो. आधी ती कधी व्हय म्हणायची नाही, हो म्हणायची. आप्पासाहेबांच्या दारात मला आता येऊ देत नाहीत. सारा मॅडमकडे जायचं मला अजून धाडस झालेलं नाही. फॉर्मची तारीख जवळ येते आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कामानिमित्त नगरला याल, स्टेशन रोडला कुणा सीएच्या ऑफिसात बसाल. काचेसमोरच्या टेबलावरून एक मुलगी उठेल, चहा आणेल. सावळी आहे, डाव्या मनगटाला घड्याळ. कप घ्या, पण लगेच पिऊ नका. तिला विचारा, "तुझा पेपर कधी आहे?" आत केबिनमधून कुणी हसून तिच्या वतीनं उत्तर देईल. ते ऐकू नका. ती स्वतः बोलेपर्यंत कप तसाच हातात धरून थांबा.