वगळायचे शब्द

बस कंपनीच्या चौकशी विभागात मी एकवीस वर्षं जबान्या टाइप करते आहे. कुणी गाडी भिंतीवर घातली, कुणी प्रवाशाला शिवी हासडली, कुणाच्या हलगर्जीपणापायी कुणाचा पाय मोडला, सगळं माझ्या बोटांखालून गेलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट कामातून गेलं. डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलं तेव्हा वाटलं, संपलं, आता आपल्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्या मोजायला बसवणार. पण साहेबांनी वर खटपट करून बोललेलं आपोआप टाइप होणारं सॉफ्टवेअर मागवलं. साहेब म्हणजे आमचे चौकशी अधिकारी. माणूस वाईट नाही, फक्त कायम घोड्यावर बसलेला.

सुरुवातीला त्या सॉफ्टवेअरनं मला रडकुंडीला आणलं. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की ते नवीन परिच्छेद सुरू करायचं. आमचे ड्रायव्हर आधीच भीतभीत, थांबत थांबत बोलणारे. त्यांच्या जबान्या छापून आल्या की कविता वाटायच्या. साहेबांनी एकदा एक कागद हातात धरून विचारलं, "बाई, हे गाऊन दाखवायचंय का?" मला राग आला. मी सेटिंग्जमध्ये शिरले आणि तीन आठवडे तिथून बाहेर आले नाही.

डाव्या बाजूला फाइलच्या भोकांसाठी दोन बोटं जागा, प्रत्येक ओळीला क्रमांक, साहेबांचा प्रश्न ठळक, उत्तर साधं, वर तारीख आणि प्रकरण क्रमांक, प्रत्येक पानाच्या तळाशी सहीची रेघ. हे सगळं मी एकदाच ठरवून दिलं. मग माणूस माइकसमोर बोलायला लागला की जबानी आपोआप त्या साच्यात बसत जायची. दुसऱ्या विभागांतली माणसं येऊन म्हणायची, बाई, आमचंही असं करून द्या ना. मीही भाव खाऊन घ्यायची. पन्नाशी उलटल्यावर कुणी हुशार म्हटलेलं कुणाला नको असतं?

त्याच सेटिंग्जमध्ये एक चौकट होती, वगळायच्या शब्दांची. तिथे टाकलेला शब्द माणूस बोलला तरी कागदावर उमटत नाही. साहेबांच्या सांगण्यावरून मी 'अं', 'बघा', 'काय ते', 'असं आहे की' हे सगळं त्यात टाकलं. कागद एकदम स्वच्छ येऊ लागले. साहेब खूश आणि मीही खूश.

मार्चमध्ये एक ड्रायव्हर आला. बाजूचा आरसा फुटल्याचं फालतू प्रकरण. त्याच्या तोंडी दोनच गोष्टी, 'मला वाटतं' आणि 'बहुतेक'. पत्ता विचारला तर म्हणाला, "मला वाटतं जुनाच आहे, बहुतेक." मुलं किती, तर म्हणे, "मला वाटतं, दोन." साहेबांनी मान खाली घालून हसू दाबलं. तिसऱ्या पानावर मात्र त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी मला खूण केली. मी ते शब्द चौकटीत टाकले. टाकल्यावर खाली एक प्रश्न येतो: हा बदल फक्त या दस्तऐवजासाठी, की यापुढच्या सर्व दस्तऐवजांसाठी? आधीचे सगळे शब्द मी 'सर्व'साठी टाकले होते. सवयीनं बोट तिथेच गेलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, माझ्या विरुद्ध जाणारी असली तरी. टाइपरायटरच्या काळापासून माझा एक नेम होता. जबानी संपली की सहीच्या आधी मी ती शब्दन् शब्द मोठ्यानं वाचून दाखवायची. माणसं मध्येच थांबवायची, "नाही हो, असं नाही, तसं होतं." मी खोडून दुरुस्त करायची. नव्या पद्धतीत माणूस खुर्चीतून उठायच्या आत छापील कागद तयार. मग वाचायचं कशाला? तोच बोलला आणि तेच उमटलं. तो नेम कधी सुटला, माझं मलाच कळलं नाही.

एप्रिलमध्ये उतारावर आमच्या एका बसचं पुढचं चाक निखळलं. गाडी खांबावर आदळली आणि एका शिक्षिकेला दोन महिने अंथरुणात काढावे लागले. त्या सकाळी कार्यशाळेत ते चाक बसवून नट कुणी आवळले, एवढाच प्रश्न होता. नोंदवहीत सही नव्हती. संशय एका फिटरवर आला. चौदा वर्षं नोकरी, सगळे त्याला भाऊ म्हणतात. भाऊचं म्हणणं, मी त्या वेळी मागच्या शेडमध्ये इंजिनाखाली आडवा होतो. मागच्या शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हे खरं की खोटं सांगणारंही कुणी नव्हतं.

साक्षीदार एकच, गाड्या धुणाऱ्या मावशी. धुलाईच्या जागेवरून त्यांनी निळ्या डगल्यातला एक माणूस चाकाशी वाकलेला पाहिला होता. निळा डगला सगळेच फिटर घालतात. साहेबांनी विचारलं, "तो कोण होता?" मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. उत्तर दिलं, सही केली, कागदाची प्रत पिशवीत घातली आणि गेल्या. भाऊला निलंबित केलं. बडतर्फीचा निर्णय जूनमध्ये व्हायचा होता.

तेव्हापासून भाऊ रोज आमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा. बसायची गरज नव्हती, पण घरी तरी काय करणार? मी डबा धुवायला नळावर गेले की तो एकच प्रश्न विचारायचा. "बाई, मावशी असं का म्हणाली असेल हो? तिच्या मुलीच्या लग्नात मी मांडव घालायला होतो." मी काहीतरी पुटपुटून आत यायची. मनात म्हणायची, तूच केलं असशील बाबा, म्हणून म्हणाली.

मग जूनमधल्या एका सोमवारी कंपनीचे डॉक्टर आले. एका कंडक्टरच्या दुखापतीबद्दल त्यांची जबानी होती. डॉक्टर शिकलेला माणूस, सहीच्या आधी चष्मा लावून कागद वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले.

"मी म्हटलं होतं, हाड बहुतेक मोडलेलं नाही. इथे छापलंय, हाड मोडलेलं नाही. माझं 'बहुतेक' कुठे गेलं, बाई? उद्या तो लंगडला तर मला धरतील."

मी माफी मागितली, हातानं शब्द घातला, त्यांनी सही केली. ते गेल्यावर मी चौकट उघडली. यादीत खाली ते शब्द तसेच होते, मार्चपासून.

मार्चनंतरच्या सगळ्या जबान्या मी काढल्या. एक्केचाळीस होत्या. बहुतेकांना धक्का लागत नव्हता. कुणाचं जेवण एक वाजता झालं की बहुतेक एक वाजता, याला कोण विचारतो? मग मावशींची जबानी हाताला लागली. ओळ बावीस. प्रश्न: तो कोण होता? उत्तर: भाऊच होता तो.

मी तिथे होते. मी मावशींच्या समोर, चार हातांवर बसले होते. मला लख्ख आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, "मला वाटतं भाऊच होता तो, बहुतेक."

आवाज ऐकून खात्री करावी म्हटलं, तर आवाज नव्हताच. दस्तऐवज जतन झाला की ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं, हीसुद्धा माझीच सेटिंग. संगणक जड चालतो अशी साहेबांची कुरकुर होती, म्हणून केलेली. आता त्या बोलण्याला पुरावा म्हणून उरले होते मी एकटी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुझी. दुसऱ्याचं लचांड गळ्यात घेऊ नकोस." मी म्हटलं, हे दुसऱ्याचं नाही. तो म्हणाला, "सही तिची आहे ना?" मला त्याचा इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले. राग आला कारण दुपारभर मीही स्वतःला हेच सांगत होते.

सकाळी साहेब आल्या आल्या मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शब्द घालायची खूण त्यांनीच केली होती, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"किती जणांच्या आयुष्याशी खेळलो आपण?" ते म्हणाले.

"एकाच्या. बाकीच्या मी तपासल्या."

"लेखी द्या. फाइलला जोडतो. पण बाई, मावशींचे नेमके शब्द मला आठवत नाहीत. तुमच्या एकटीच्या आठवणीवर मी सही केलेली जबानी रद्द करू शकत नाही. मावशींना पुन्हा बोलावतो. त्यांनी पुन्हा 'बहुतेक' म्हटलं तर भाऊ सुटला समजा."

मला हायसं वाटलं. मी चौकट रिकामी केली, एकूण एक शब्द काढून टाकला. अगदी 'अं'सुद्धा. आवाज जपून ठेवायची सेटिंग चालू केली. तीनदा तपासलं. असं नेटकं काम मी गेल्या दोन वर्षांत केलं नव्हतं.

बुधवारी मावशी आल्या. धुऊन इस्त्री केलेलं लुगडं, हातात तीच पिशवी. या वेळी पदराशी चाळा नव्हता. ताठ बसल्या.

साहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी चाकाशी कोण होतं?"

"भाऊच होता."

"नीट आठवा. घाई नाही."

"आठवायचं काय त्यात? भाऊच होता."

माझ्यानं राहवलं नाही. चौकशीत मी बोलायचं नसतं, तरी बोलले. "मावशी, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, मला वाटतं, बहुतेक. कागदावर ते आलं नाही, ती माझी चूक. तुम्हाला खात्री नव्हती."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा कीव आल्यासारखं. "म्हणाले असेन. तेव्हा घाबरले होते मी. मग घरी सुनेनं कागद वाचून दाखवला. इथली माणसं रोज विचारायची, मावशी, खरंच तू बघितलंस? रात्री झोप लागायची नाही. सुनेला सांगून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. त्यात स्वच्छ लिहिलंय, भाऊच होता तो. मीच सांगितलेलं ना ते?"

"पण तोंड दिसलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसलं की. वळून बघितलं त्यानं माझ्याकडे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही पहिल्या वेळी नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं नव्हतं, साहेब. आता डोळे मिटले तरी दिसतो. चौदा वर्षांच्या ओळखीचा माणूस, मला काय आनंद होतोय का?" आणि त्या रडायला लागल्या. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सॉफ्टवेअरनं सगळं उमटवलं, एक अक्षर न गाळता. मी जबानी मोठ्यानं वाचून दाखवली, ओळीमागून ओळ. वळून बघितलं, ही ओळ मी दोनदा वाचली. मावशी प्रत्येक ओळीला मान डोलावत होत्या. एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी सावकाश सही केली.

त्या गेल्यावर साहेब म्हणाले, "आधीची जबानी लंगडी तरी होती. जरा जोर लावला असता तर पडली असती." मग माझ्याकडे वळले. "तुमचं पत्र जोडतो मी. वाचतील वरचे. पण उद्याच निर्णय आहे."

मी बाहेर आले. भाऊ बाकावरून उठून उभा राहिला. मावशींना जाताना त्यानं पाहिलं असणार. त्या त्याच्याशी बोलल्या नसणार. मी त्याला सगळं सांगितलं. चौकटीपासून, त्या ड्रायव्हरपासून, माझ्या सुटलेल्या नेमापासून. गाडीत कुठून आवाज येतो हे ड्रायव्हर सांगताना फिटर ऐकतात, तसा तो ऐकत होता, मान किंचित कलती करून. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. इतक्या आठवड्यांनी त्याच्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं होतं.

"म्हणजे मावशी तसं म्हणालीच नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"मला वाटलंच होतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं बाई, दोष सापडला. आता दुरुस्त करून टाका."

"आत्ता तेच करून आले, भाऊ," मी म्हटलं, आणि नव्या जबानीत काय आलंय ते सांगायला त्याच्या शेजारी बसले.